साडेसहाशे शब्दांचे आत्मनिवेदन

मुलांचे बारावीचे वर्ष सुरू झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा ठरलेला असतो. मुलाने गणित घ्यावे की जीवशास्त्र, शिकवणी लावावी की न लावावी, पहाटे उठवावे की रात्री जागू द्यावे. या प्रश्नांची उत्तरे देता देता प्रस्तुत लेखकाची लेखणी गुळगुळीत झाली आहे. यंदा मात्र एक निराळाच प्रश्न पुढे आला, आणि तो टपालाने न येता चिंचवडगावातील आमच्याच माजघरात, झोपाळ्यावर येऊन बसला. माझ्या धाकट्या बंधूंची नात बारावीत आहे. आषाढातील एका सायंकाळी तिने माझ्यापुढे एक कोरा कागद ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, परदेशातल्या कॉलेजांच्या अर्जात स्वतःविषयी साडेसहाशे शब्द लिहायचे आहेत. काय लिहू?"

मी चष्मा पुसला. छत्तीस वर्षे मी शाळेत निबंध शिकविले. फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त, जुन्या पुस्तकाचे मनोगत, वठलेल्या वृक्षाची कैफियत, असे शेकडो निबंध मी तपासले असतील. छत्रीस बोलावयास लावण्यात माझ्या विद्यार्थ्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. परंतु छत्री धरणाऱ्या मुलाने आपले आत्मवृत्त लिहावे असे मला एकदाही सुचले नाही. नातीच्या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वी ही गोष्ट माझ्या ध्यानात आली असती तर पुढचा पुष्कळसा घोटाळा टळला असता. तो टळला नाही, म्हणूनच हा लेख.

आपल्याकडील प्रवेशाची रीत सर्वांस परिचित आहे. अभियांत्रिकीस राज्याची सामायिक परीक्षा, आय. आय. टी.स जेईई, वैद्यकीयास नीट. मग गुण, गुणानुक्रम, पसंतिक्रम आणि फेऱ्या. त्या सर्व व्यवहारात मुलाचा आसनक्रमांक विचारला जातो, जन्मतारीख विचारली जाते, दाखले मागितले जातात. तू कोण आहेस, तुला काय वाटते, हे कोणी विचारीत नाही. यात सर्वस्वी वाईटच आहे असे मी म्हणणार नाही. गुणांच्या यादीस ओळखपाळख लागत नाही, आणि लाखो मुलांच्या देशात हा लाभ लहान नव्हे. पण त्याचा एक परिणाम असा की, सतरा वर्षांचा मुलगा स्वतःविषयी एकही खरे वाक्य न लिहिता शाळेतून बाहेर पडू शकतो, आणि बहुधा तसाच पडतो.

पश्चिमेकडील विद्यापीठांची रीत निराळी. अमेरिकेतील हजारावर महाविद्यालये 'कॉमन ॲप' नावाच्या एकाच सामायिक अर्जावर प्रवेश देतात, आणि त्या अर्जात गुणांबरोबर एक वैयक्तिक निबंध असतो. तो अडीचशे शब्दांहून कमी नको आणि साडेसहाशेंहून अधिक नको. इंग्लंडात सर्व विद्यापीठांचे अर्ज 'यूकास' ही संस्था स्वीकारते. तेथे पूर्वी विद्यार्थ्याने एकच सलग निवेदन लिहावयाचे असे. २०२६ सालच्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केले आहेत. हाच विषय का शिकावयाचा, आजवरच्या अभ्यासाने त्याची तयारी कशी झाली, आणि शाळेबाहेर तू असे काय केलेस की ज्याचा येथे उपयोग होईल. तिन्ही मिळून चार हजार अक्षरांची मर्यादा. आपल्या देशातील काही नव्या खासगी विद्यापीठांनीही निबंध व मुलाखत यांची प्रथा घातली आहे. चाकणास जर्मन मोटारींचे कारखाने २००९ साली सुरू झाल्यापासून आमच्या भागातील पुष्कळ मुले जर्मन भाषा शिकू लागली, आणि तिकडे जाऊ पाहणाऱ्यांसही असेच प्रयोजनपत्र लिहावे लागते. सारांश, हा प्रश्न आता चार श्रीमंत घरांपुरता उरलेला नाही. आमच्या घरी तर शिष्यवृत्ती मिळाली तरच पुढची वाट, अशी स्थिती. म्हणजे त्या साडेसहाशे शब्दांवर बरेच काही अवलंबून होते.

एकत्र कुटुंबात कागद कोरा फार वेळ राहत नाही. तासाभरात झोपाळ्याभोवती मंडळी जमली. थोरल्या सूनबाईंनी सांगितले की सहावीतील वक्तृत्वाचे पारितोषिक अवश्य घाल. पुण्याहून आलेल्या तिच्या मामांनी म्हटले की नेतृत्वगुणावर भर हवा, तिकडच्या लोकांस नेतृत्व आवडते. आता गणेशोत्सवात तिने दोन वर्षे वर्गणीच्या पावत्या फाडल्या, यापलीकडे नेतृत्वाचा काही प्रसंग सापडेना, तेव्हा पावत्यांचेच नेतृत्व झाले. माझ्या बंधूंस वाटले की कुलाचा उल्लेख यावा. तिच्या आजीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मुलगी स्वयंपाकही करते हे लिहावे असे सुचविले. त्यावर सगळे हसले, पण माझ्या मते त्या संध्याकाळचे सर्वांत विचारणीय वाक्य तेच होते. मुलगी एका कोपऱ्यात बसून सर्वांचे लिहून घेत होती. अर्ज तिचा, आणि लेखनिकही तीच!

चार दिवसांनी तिने मराठीत एक मसुदा करून मला दाखविला. इंग्रजी मागाहून करावे, आधी ज्या भाषेत भांडतो त्या भाषेत लिहावे, हा माझाच सल्ला होता आणि तेवढा एक मी आजही मागे घेणार नाही. मसुदा ओबडधोबड होता. मी तांबडी शाई घेतली. 'मला खूप वाटायचे' याचे 'माझ्या अंतःकरणात उत्कट जिज्ञासा वास करीत असे' झाले. दोन परिच्छेद मी समूळ काढले, एक सुभाषिताचा आशय आरंभी बसविला, शेवटी राष्ट्रसेवेचा संकल्प जोडला. मग तिच्या काकांनी त्याचे इंग्रजी केले. सिद्ध झालेला निबंध मी सर्वांस वाचून दाखविला, सर्वांनी माना डोलविल्या. मुलगी म्हणाली, "छान झालंय, आजोबा. पण यातली मुलगी कोण आहे?"

या वाक्याने मी दुखावलो, हे येथे कबूल केले पाहिजे. दोन दिवस मी तिच्याशी नेहमीप्रमाणे बोललो नाही.

आपल्या घरांतून आत्मस्तुती हा दोष मानतात. महाभारताच्या कर्णपर्वात प्रसंग आहे. गांडीव दुसऱ्यास दे, असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. आणि नेमके ते शब्द युधिष्ठिर रागाने बोलून जातो. वडील बंधूस मारणे तर शक्य नाही. श्रीकृष्ण तोड सांगतो की ज्येष्ठास अरेतुरे करणे हाच त्याचा वध होय. तसे केल्यावर पश्चात्तापाने अर्जुन स्वतःवरच शस्त्र चालवू पाहतो, तेव्हा श्रीकृष्ण म्हणतो, तू आपल्या तोंडाने आपले गुण वर्णन कर, म्हणजे आत्मवध झालाच. ज्या परंपरेत आत्मस्तुती व आत्महत्या एका पंक्तीस बसविल्या आहेत, तेथील मुलीस एकाएकी 'स्वतःविषयी लिही' म्हटल्यावर तिची जीभ अडखळली तर नवल नाही. वडीलधाऱ्यांची सोय अशी की, मुलीची स्तुती मुलीने करावयाची नसेल तर ती आपण करावी; आणि मग तीच तिच्या नावावर टाकावी. आमच्या माजघरात झाले ते हेच.

परंतु स्तुती निराळी आणि वृत्त निराळे, हे मला, संस्कृत शिकलेल्यास तरी, विसरता कामा नये होते. बाणभट्टाने हर्षचरिताच्या आरंभी आपलीच हकिकत सांगितली आहे. आई लहानपणी गेली, चौदाव्या वर्षी पिताही गेला, मग हा पोर मोकाट सुटला. त्याच्या सोबत्यांची यादी त्याने दिली आहे, तीत कवी आहेत तसा विषवैद्य आहे, सोनार आहे, तांबूल देणारा आहे, जुगारी आहे. या भटकंतीने आपण लोकांत हास्यास्पद झालो, हेही तो लपवीत नाही. श्रीहर्षाच्या दरबारात पुढे मान पावलेल्या पंडिताने हे लिहिले! मी ते विद्यार्थीदशेत वाचले होते, शिकविलेही होते. पण घरच्या मुलीचा कागद समोर आला तेव्हा ते उपयोगी पडले नाही. मी मॅट्रिकपुढे गेलो नाही, जुन्या अकरावीच्या शेवटच्या काही तुकड्यांपैकी मी एक. पुढचे संस्कृत पाठशाळेत झाले. पाठशाळेत पाठांतर उत्तम होते, त्याचा घरी वापर कसा करावा हे मात्र ज्याचे त्याने शिकावयाचे असते.

दुसऱ्याच्या मापाने कापलेली आत्मवृत्ते कशी होतात याचा एक मासला इंग्लंडात २००७ साली उघडकीस आला. यूकासने पन्नास हजार निवेदने एकमेकांशी ताडून पाहिली. त्यांत दोनशे चौतीस मुलांनी असे लिहिलेले आढळले की, आठव्या वाढदिवशी रसायनशास्त्राच्या खेळण्याशी प्रयोग करताना आपल्या रात्रीच्या पायजम्यास भोके पडली आणि तेव्हापासून आपणास विज्ञानाची गोडी लागली. एका देशातील दोनशे चौतीस पायजमे एकाच कारणाने जळावे, हा योगायोग कोणास पटणार? कोणा एकाचा चांगला नमुना सर्वांनी उतरविला होता. त्या पहिल्या मुलाचा पायजमा कदाचित खरोखरीच जळाला असेल. बिचाऱ्याची खरी गोष्टही खोटी ठरली. हल्ली उतरवून घेण्याचेही कष्ट नकोत, यंत्रास सांगितले की ते क्षणात निबंध रचून देते. कॉमन ॲपने २०२३ पासून अशा यंत्रलिखित मजकुरास, तो आपलाच म्हणून पाठविल्यास, फसवणूक म्हटले आहे. मला यंत्राविषयी फारसे बोलण्याचा अधिकार नाही, कारण मी त्या मुलीच्या मसुद्यास जे केले ते यंत्राहून निराळे होते असे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

या अवधीत मला आनंदीबाई जोशींचे स्मरण झाले. मराठी मुलीने परदेशी महाविद्यालयास केलेला प्रवेश-अर्ज म्हटला तर त्याहून जुना व मोलाचा मला ठाऊक नाही. त्याची पूर्वपीठिका अशी की, प्रथम लेखणी धरली ती गोपाळरावांनी. पत्नीस अमेरिकेत शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी मिशनरी मंडळींस पत्रे लिहिली. ती तिकडील एका धार्मिक मासिकात छापली गेली, आणि उत्तरादाखल धर्मांतराची सूचना आली. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला व त्यांनी स्वतः होऊन हात पुढे केला, हे दैव. तात्पर्य, पतीने लिहिलेल्या अर्जाने दार किलकिले झाले खरे, पण आत प्रवेश व्हावयाचा तो आनंदीबाईंच्या स्वतःच्या पत्राने झाला. १८८३ च्या जूनमध्ये अमेरिकेस पोहोचल्यावर अठरा वर्षांच्या या मुलीने फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास अर्ज लिहिला. त्यात तिने पारितोषिकांची माळ गुंफली नाही. मित्र व जातबांधव यांच्या एकवटलेल्या विरोधास न जुमानता जो निश्चय आपणास येथवर घेऊन आला, तो पुढेही साहाय्य करील, असे ती म्हणते. आणि आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याच्या हातून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांस खरी वैद्यकीय मदत पोहोचविण्यासाठी आपण आलो, असे सांगते.

हे लिहिताना तिच्या मनात काय असेल? चौदाव्या वर्षी तिला झालेले मूल दहा दिवसांत गेले होते. त्या दुःखाचे तिने अर्जात प्रदर्शन मांडले नाही. पण त्या वाक्याखालची जमीन तीच. १८८६ च्या ११ मार्चला तिला पदवी मिळाली आणि पुढील वर्षी फेब्रुवारीत, बावीस वर्षांची पुरती होण्यापूर्वी, ती पुण्यास वारली. हा शेवट सर्वांस ठाऊक असल्यामुळे आपण तिचा अर्ज पावित्र्याच्या भावनेने वाचतो. मला वाटते, महाविद्यालयाच्या चिटणीसाने तो वाचला तेव्हा त्यास पावित्र्य वगैरे काही दिसले नसेल. ही मुलगी काय करावयास आली हे तिला नेमके ठाऊक आहे, एवढेच दिसले असेल, आणि तेवढे पुरले.

अण्णासाहेब कर्व्यांच्या १९१५ सालच्या आत्मवृत्तातील एक प्रसंगही मी त्या मुलीस वाचून दाखविला. मुरूडाहून परीक्षेसाठी भर पावसाळ्यात घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि तेथे परीक्षकांनी वय सतरा दिसत नाही म्हणून बसूच दिले नाही. एवढीच गोष्ट. परीक्षा झाली नाही, पारितोषिक नाही, पराक्रमही नाही. एक लहान चणीचा मुलगा आल्या वाटेने परत गेला. पण त्या मुलाविषयी जे कळावयाचे ते कळते. ऐकून ती म्हणाली, "मग माझी गुरुवारची गोष्ट तुम्ही का काढलीत?"

मी काढून टाकलेल्या दोन परिच्छेदांत ही गोष्ट होती.

वाचकांपैकी जे आमच्या बाजूचे नाहीत त्यांच्याकरिता सांगतो. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पवनेच्या काठची शेते पाहता पाहता कारखान्यांनी भरून गेली. मोरया गोसावींच्या समाधीस येणारे यात्रेकरू आणि पाळीस जाणारे कामगार एकाच रस्त्याने जाताना मी लहानपणापासून पाहिले आहेत. आमच्या या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. मुलीचे वडील, म्हणजे माझे पुतणे, अठरा वर्षे येथल्या एका कारखान्यात होते. त्यांची सुट्टी गुरुवारी आणि मुलीची रविवारी. तिने लिहिले होते की, लहानपणी मला बाबा सावकाश बोलताना भेटत ते आठवड्यातून एकदाच, गुरुवारी शाळा सुटल्यावर. सात वर्षांची असताना तिने विचारले, बाबांचा रविवार गुरुवारी का येतो? बाबांस ठाऊक नव्हते. आजीने सांगितले, गुरुवार दत्ताचा म्हणून. पुष्कळ वर्षांनी, अकरावीत, तिने शोधून काढले की सगळे कारखाने एकाच दिवशी बंद व एकाच दिवशी चालू राहिले तर विजेचा भार सांभाळत नाही, यास्तव निरनिराळ्या भागांस निरनिराळे वार वाटून दिले गेले. तिचे वाक्य असे होते: मला माझे बाबा कोणत्या दिवशी मिळावेत हे विजेच्या हिशेबाने ठरले होते. अर्थशास्त्र शिकावे असे तिला तेव्हापासून वाटू लागले. आणि पुढे: मग कारखाना बंद पडला, आणि आमच्या घरात रोजच गुरुवार आला.

यातील एकेक गोष्ट मला ठाऊक होती. गुरुवार ठाऊक होता, पुतण्याचे ते सात महिने ठाऊक होते. सकाळी डबा भरावयाचा नसल्यामुळे स्वयंपाकघरात जी शांतता असे तीही ठाऊक होती. सध्या ते चाकणास एका कंत्राटदाराकडे कामास जातात, रात्रपाळी अधिक, सुट्टीचा वार ठरलेला नाही. हे आम्ही नातेवाइकांत बोलत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ज्या घरात बाळकडूतून पाजले जाते तेथे सातासमुद्रांपलीकडील परक्या माणसांपुढे मूठ उघडावयाची कल्पना मला सहन झाली नाही, आणि मी तांबडी रेघ ओढली. भाषा सुधारण्याचे निमित्त होते.

आता घरात दोन पक्ष पडले. बंधूंचे म्हणणे, गरिबी सांगून दया मागणे आपल्यास शोभत नाही. या म्हणण्यात अर्थ नाही असे नाही. या निबंधांच्या बाजारात दुःखासही भाव आला आहे, आणि पैसे घेऊन मार्गदर्शन करणारे काहीजण मुलांस घरातील एखादे मरण, एखादा आजार धुंडाळावयास लावतात, असे मी ऐकतो. ते मला किळसवाणे वाटते. परंतु मुलीने दया मागितली नव्हती. तिने एक प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर शोधले होते, आणि उत्तर मिळाल्यावरही जे उरले ते लिहिले होते. सूनबाई, म्हणजे तिची आई, या वादात एकच वाक्य बोलल्या, "ज्यांचं आहे त्यांना विचारा ना."

हे आम्हा कोणासच सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या रात्रपाळीहून आला. पाय धुतले, चहा घेतला, आणि मुलीने कागद पुढे केला तेव्हा तो उभ्यानेच वाचू लागला. मी झोपाळ्यावर होतो; वर्तमानपत्र वाचण्याचे निमित्त करीत होतो. त्याने दोनदा वाचले. मग म्हणाला, "कारखाना बंद पडला असं लिहिलंयस. पडला नाही. बंद केला. तेवढं दुरुस्त कर." कागद परत दिला आणि झोपावयास गेला.

छत्तीस वर्षे मी व्याकरण शिकविले. अकर्मक आणि सकर्मक यांतील भेद मुलांच्या डोक्यात भरविण्यासाठी फळ्यावर किती खडू झिजविला असेल! त्या मसुद्यावर तांबड्या शाईच्या चाळीस तरी खुणा मी केल्या होत्या, आणि ही एक चूक माझ्या दृष्टीस पडली नव्हती.

यानंतर मी निराळ्या रीतीने बसू लागलो. ज्या वाचकांच्या घरी हा प्रसंग येणार आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ती रीत सांगतो. मी शाई वापरली नाही. ती वाची, मी ऐके. जेथे माझे लक्ष उडे तेथे मी तसे सांगे. बहुधा ती वाक्ये कोणाकडून तरी उसनी आणलेली असत. मी प्रश्न विचारी, पण थोर प्रश्न नव्हेत. 'तुझे जीवनध्येय काय' असे विचारले की मुले भाषण करतात. 'शेवटचे तू कोणाशी भांडलीस आणि नंतर कोणाचे बरोबर होते असे वाटले', 'कोणी न सांगता तू कोणते काम करतेस', 'घरात असे काय आहे की जे फक्त तुलाच ठाऊक आहे', असे विचारले की प्रथम ती गप्प बसतात. त्या गप्प बसण्यात आपण तोंड घालू नये. आम्हा मास्तरांस आणि वडीलधाऱ्यांस दहा पळे शांतता सोसत नाही, लगेच उत्तर सुचवितो. तेथेच मूल पुन्हा लेखनिक होते. पावत्या फाडण्यावरून मी एकदा विचारले तेव्हा कळले की एका घरी तिने वर्गणी मागितलीच नाही व पावतीवर स्वतःच्या खाऊचे पैसे भरले, कारण त्या घरातील माणसाचीही नोकरी त्याच सुमारास गेली होती. मामांनी ज्यास नेतृत्व म्हटले ते हे. तिने ते निबंधात घातले नाही. त्यांचे आहे, म्हणाली.

आणखी एक. आमच्या वसाहतींतील मुलांस कोणत्या कारखान्यातून कोणती मोटार बाहेर पडते हे तोंडपाठ असते, परंतु त्या कारखान्यात आपले वडील दिवसभर नेमके काय करतात हे विचारले तर पुष्कळांस सांगता येत नाही. मी आसपासच्या पाचसहा मुलांस विचारून पाहिले. एकजण म्हणाला, "ते शिफ्टला जातात." यात मुलाचा दोष नाही, घरी तेवढेच बोलले जाते. आपल्याविषयी लिहावयास बसलेल्या मुलास प्रथम वडिलांशी, आईशी, आजीशी बोलावे लागते, आणि त्यांनीही उत्तर द्यावे लागते. आमच्या पुतण्याने त्या निमित्ताने मुलीस मायक्रोमीटर कसा वाचतात ते एका दुपारी दाखविले. अठरा वर्षांत ते घरी आलेले हत्यार प्रथमच पेटीबाहेर निघाले.

दिवाळीनंतर इंग्रजी मसुदा सिद्ध झाला. या खेपेस काकांनी फक्त शुद्धलेखन पाहिले. मोजणीत सहाशे अठ्ठावन्न शब्द भरले, म्हणजे आठ अधिक. आठ शब्द कोठले कमी करावे यावर पुन्हा माजघरात मंडळी जमली, पण तिने कोणाचे ऐकून घेतले नाही. 'आमचे आजोबा संस्कृत जाणतात आणि त्यांनी मला वाचावयास शिकविले' अशा अर्थाचे एक वाक्य दुसऱ्या परिच्छेदात होते, ते तिने खोडले. मी सहज विचारल्यासारखे करून विचारले, "हेच का बरे काढलेस?"

"त्याचा गुरुवारशी संबंध नाही, आजोबा," ती म्हणाली, आणि अर्ज पाठवून दिला.